खणाचं मूळ

मी खण बोलतोय. कापड नव्हे, शब्द. मला हातात धरता येत नाही, पण बेळगावात रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी मी असतोच.

शहापुरात मी चोळीचं कापड. तिथंच सुताराकडे वळलात की कपाटाचा कप्पा. कंग्राळीत जुन्या घराची लांबी सांगताना दोन तुळयांमधली जागा म्हणजेही मीच. एवढी कामं एकटा करतो, म्हणून मला जरा घमेंडही होती.

ती उतरवली शरद सरांनी. निवृत्त शिक्षक, सीमाभागातल्या बोलीचा कोश करतायत. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. माझे अर्थ त्यांनी झोकात लिहिले आणि 'मूळ' या रकान्याशी पेन थांबलं. मूळ नाही तर शब्द कोशात नाही, हा त्यांचाच नियम. सोमवारी कार्डं छपाईला जाणार होती. मी घाबरलो. पण खरं सांगू, उत्सुकताही तेवढीच होती. मी कुणाचा, हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

सरांना वाटायचं, मी कानडीतून आलो. खात्रीसाठी त्यांनी कन्नड शिकवणाऱ्या सौम्या मॅडमना फोन केला. त्या हसल्या.

"तुमचाच की ओ सर तो! आम्हीच मराठीकडनं घेतलाय."

"छे हो, तुमचाच असणार."

हक्कासाठी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. हे दोघं मला आग्रहानं एकमेकांच्या ताटात वाढत होते. मला फार वाईट वाटलं, जणू मी कुणालाच नको होतो.

रविवारी सर शहापुरात मालुबाईंकडे गेले. चाळीस वर्षं त्यांनी मागावर खण विणलेत.

"आक्का, खण हा शब्द आला कुठनं?"

"कुठनं म्हंजे? आयकडनं. आय कानडी बोलायची, बा मराठी. लई भांडायची दोघं. पर खणाला दोघंबी खणच म्हणायची." मग त्या बावरल्या. "चुकलं काय सर?"

"नाही आक्का. आईचं नाव काय?"

"निंगव्वा. आजपातुर कुणी लिवून घेतलं न्हाय ओ तिचं नाव."

सरांनी पिशवीतून माझं कार्ड काढलं. मग तिथंच त्यांनी रकाना भरला, 'मूळ: निंगव्वा, शहापूर.' आणि मला छपाईच्या गठ्ठ्यात ठेवलं.

विद्वान हसतील. हसू देत. कोश तुमच्या हाती आला, तर माझे अर्थ हवे तेवढे दुरुस्त करा. ते नाव मात्र खोडू नका.