आखूड नळीची रायफल आणि तीन हाका

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो आणि विचारतो, "बाकीची कुठं राहिली?" मी एक जुनी रायफल आहे आणि माझी नळी इतर रायफलींपेक्षा चांगली वीतभर आखूड आहे. ती कोणी कापलेली नाही, मला घडवलेच तसे. सध्या मी पोलीस ठाण्याच्या एका बंद खोलीत उभी आहे. माझ्या दस्त्याला एक पिवळी चिठ्ठी बांधली आहे. वेळ भरपूर आहे, म्हणून माझी हकीकत सांगते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. हैदराबादच्या एका दुकानदाराने मला मागवले, ते एका हौशी जहागीरदारासाठी. त्यांनी मला दोनदा खांद्याला लावले आणि लांब नळीची घेऊन गेले, कारण फोटोत ती जास्त शोभत होती. पुढे निजामाचे राज्य गेले. या कपाटातून त्या कपाटात फिरत मी बीडच्या एका दुकानात आले आणि तिथे कोपरा धरून बसले. नकोशी होण्याचे दुःख मलाही झाले, पण त्याची सवय होते.

बहात्तरच्या दुष्काळात दुकानात दोन माणसे आली. एक माणिकराव, डोक्यावर टोपी, खिशाला पेन. दुसरा त्यांचा चुलतभाऊ आश्रुबा, उंच, कमी बोलणारा. पाटोद्याकडच्या डोंगरातल्या एका गावात बौद्ध वस्तीतल्या तीस घरांनी मिळून शेतीची सहकारी सोसायटी काढली होती आणि माणिकराव तिचे चेअरमन होते. सरकारने त्यांना गायरानाची जमीन एकेका वर्षाच्या बोलीवर दिली होती. अट एकच, जमीन पडीक ठेवायची नाही. एक पेरणी चुकली की जमीन परत.

त्या साली पाऊस आला नाही. सोसायटीच्या विहिरीत गुडघाभर पाणी होते, त्यावर दोन एकर ज्वारी कशीबशी उभी राहिली. ती खायची नव्हती, पुढच्या पेरणीचे बियाणे होते. माणसे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत, सरकारी सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी खात, पण त्या ज्वारीच्या ताटाला कोणी हात लावत नसे. हात लावीत ती रानडुकरे. शेताला लागूनच नदीकाठी बाभूळ, शिंदी आणि घाणेरीची दाट जाळी होती, तिच्यात ती दिवसभर लपत आणि अंधारात पीक लोळवत. म्हणून पीक राखण्यासाठी आश्रुबाच्या नावाने परवाना निघाला होता.

दुकानात दोनच रायफली होत्या, एक लांब नळीची आणि एक मी. दोघांनी सुतळीला गाठी मारून आमची मापे घेतली आणि ते निघून गेले. पुढचे मी आश्रुबाच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, की जणू मीच तिथे होते.

सोसायटीची बैठक बसली. बहुतेकांचे मत लांब नळीला होते, कारण गावचे बडे जमीनदार सुंदरराव यांच्या भिंतीवर लांब बंदूक होती. आपल्यालाही तेवढीच हवी, असे प्रत्येकाच्या मनात होते. तेव्हा सभासद केशरबाई उभ्या राहिल्या.

"बंदूक बाभळीत न्यायची हाय का भिंतीला टांगायची हाय?" त्यांनी विचारले.

आश्रुबाने सुतळीच्या मापाच्या दोन काठ्या तोडल्या आणि अख्खी बैठक नदीकाठी नेली. प्रत्येकाने एकेक काठी खांद्याला धरून जाळीत रांगत जायचे आणि आत वळून बाहेर यायचे. माणिकराव लांब काठी घेऊन शिरले ते दहा पावलांवर अडकले. काठी फांदीत आणि टोपी काट्यावर. त्यांना पायांना धरून मागे ओढावे लागले. केशरबाई आखूड काठी घेऊन गेल्या, आत वळल्या आणि पदर झटकत बाहेर आल्या. माणसे पोट धरून हसली. दुष्काळात तेवढे हसू त्यांना फार दिवसांनी मिळाले होते. ठराव माझ्या बाजूने झाला.

खरे सांगायचे तर माझ्यात खोटही आहे. माझा लांबचा नेम कच्चा, आवाज कानठळ्या बसवणारा आणि खांद्याला धक्का जोराचा. मी दहा-वीस पावलांवरच्या कामाची. केशरबाईंनी नेमके तेच धरून आणखी एक ठराव मांडला.

"जाळीत पुरतं जनावर दिसत न्हाई. आमी बाया सरपणाला तिथंच जातो. म्हणून बार काढायच्या आदी तीन हाका मारायच्या."

"हाका मारल्यावर डुक्कर थांबंल व्हय?" आश्रुबा म्हणाला.

"डुक्कर न्हाई थांबणार. माणूस थांबंल."

हात वर झाले आणि आश्रुबा हरला. मला गावाकडे आणताना पाटोद्याच्या बाजारात सुंदररावांनी मला पाहिले. "ही बंदूक हाय का लाटणं बे?" असे ते चार माणसांत म्हणाले. रात्री आश्रुबाने मला तेल लावले, दोनदा.

ज्वारी हुरड्यात आली आणि डुकरे चेकाळली. तीन रात्रींत अर्धा एकर गेला. आणखी तेवढा गेला असता तर बियाणे पुरले नसते, आणि बियाण्याबरोबर जमीन गेली असती. चौथ्या दिवशी पहाटे, नुकते उजाडताना, आश्रुबा मला घेऊन जाळीत शिरला. बाभळीचा एकही काटा मला अडवू शकला नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो तेव्हाच.

बारा पावलांवर घाणेरी हलली. काळी पाठ दिसली. फुसफुस ऐकू आली. आश्रुबाने मला खांद्याला लावले. त्याचे बोट चापावर आले, ते मला कळले. हाक मारली तर जनावर जाणार, नाही मारली तर हातात येणार. तिथे ठराव पाहायला केशरबाई नव्हत्या.

"कोण हाय?" आश्रुबा ओरडला.

पाठ जागीच थांबली. उत्तर नाही. पलीकडे खरे डुक्कर उधळले आणि फांद्या मोडत नदीकडे गेले, हे आम्हा दोघांनाही ऐकू आले. पण समोरची पाठ तिथेच होती.

"कोण हाय?" दुसरी हाक. पाठ आणखी खाली दबली. आश्रुबाचे बोट चापावर घट्ट झाले.

"कोण हाय? बार काढतो बघा!"

"थांब. मी हाय."

"मी कोण?"

"मी... सुंदरराव."

काळी घोंगडी पांघरलेले सुंदरराव गुडघ्यांवर बसले होते. सोसायटीच्या आधी आपण डुक्कर मारायचे म्हणून ते एकटेच आले होते. त्यांची लांब नळी बाभळीच्या बेचक्यात अशी रुतली होती, की ओढून ओढून त्यांना धाप लागली होती. तीच फुसफुस.

आश्रुबाने मला जमिनीवर ठेवले. "पयल्या हाकंला कावून बोलला न्हाईत?" त्याने विचारले.

सुंदररावांनी अंगावरची घोंगडी काढली. मग म्हणाले, "तू हाक मारायची आन् म्या ओ द्यायची, ते जिभेवर आलं न्हाई."

आश्रुबाने बेचक्यातून त्यांची बंदूक सोडवून दिली. दोघे दोन बाजूंनी बाहेर पडले. त्या रात्री डुकराने ज्वारीच्या आणखी चार ओळी लोळवल्या. तिसऱ्या दिवशी तीन हाकांनी बिथरलेले तेच डुक्कर आश्रुबाच्या अंगावर आले, आणि जाळीतल्या त्या अडचणीच्या जागेत मी वेळेवर वळले. एकच बार. उरलेल्या ज्वारीचे बियाणे तीस घरांना पुरले. पुढच्या हंगामात तलाठी पाहणीला आले तेव्हा गायरान हिरवे होते.

मग पाऊस आले, जाळी तोडली गेली, तिथे ऊस उभा राहिला. मी खुंटीवर राहिले. आश्रुबाच्या म्हातारपणी तेल लावणे राहून गेले आणि नळीत गंज शिरला. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, भिमाबाईने, मला इथे जमा केले. निघताना तिने पदराने माझा दस्ता पुसला.

मित्रांनो, हत्यार असो की यंत्र, त्याला तेल द्या, कोरडे ठेवा. पण चालवण्याआधी हाक मारा. माझ्या गावात ती रीत पडली होती. उसाचे पाचट पेटवताना, मळणीयंत्र सुरू करताना माणसे तीनदा ओरडत, "कोण हाय?" रीत कुठून आली हे नव्या पोरांना ठाऊक नव्हते.

खुंटीवरून मला ते रोज ऐकू येई. आणि दुसरी हाक होण्याआधीच, दोन शेते पलीकडून, जिथे काही धोका नसे तिथून, म्हातारे सुंदरराव घाईघाईने ओ देत, "हाय, हाय! मी सुंदरराव हाय!"