आडवा हात

आमची आई, चिमणाबाई, जयमाला टॉकीजच्या बायकांच्या गेटवर डोअरकीपर होती. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. कोल्हापुरात थेटरं पुष्कळ होती, पण संस्थानच्या काळातल्या त्या दगडी इमारतीत बिनतिकीट शिरून दाखवणारी बाई अजून जन्माला यायची आहे. आई दारात आडवा हात धरायची. एकदा तिनं मालकांच्या मेहुणीलाच अडवलं, तर मालकांनी सगळ्यांदेखत आईला लुगडं दिलं. आणि मी मैत्रिणींना घेऊन ऐटीत गेले, तेव्हा मलाही तोच हात. "तिकीट?" वर्गात माझी चेष्टा किती दिवस चालली, विचारू नका.

टॉकीज बंद पडून बरीच वर्षं झाली. आता पाडणार असं कानावर आलं, तसं आईनं टुमणं लावलं. "एकदा आत जाऊन येऊ दे. तेवढं दाव मला." तिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलेलं नाही. मी उचगावातून रिक्षा केली.

गेटचं कुलूप गंजून पडलेलं, म्हणून तिथं वॉचमन बसवला होता. नाव कृष्णात, गाव चंदगड. खुर्चीवर बसलेला, मांडीवर न सोडलेला डबा.

"मालकांची परवानगी हाय?"

"अहो, हिचा जन्म गेला या गेटवर!"

"गेला असंल की. परवानगी हाय काय?"

मी मेहुणीची आणि लुगड्याची गोष्ट सांगितली. आईच्या गुडघ्यांचा दाखला दिला. चहापाण्याचं बघू म्हटलं, तर तो खुर्चीतून उठून गेटात आडवाच उभा राहिला. शेवटी नवऱ्याला फोन लावला. त्यानं ओळखीच्या नगरसेवकाला लाइनवर घेतलं, आणि मी मोबाईल कृष्णातच्या कानाला लावला.

"व्हय साहेब. न्हाय साहेब. पगार मालक देत्यात की साहेब." मोबाईल परत माझ्या हातात.

मी पेटले. "माणूस आहेस का धोंडा?"

तेवढ्यात मागं आई हसायला लागली. "शाबास रं माझ्या वाघा! संयू, बघितलीस काय? गेटवर माणूस हाय अजून!"

"आई, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

"गेटच्या."

मग तिची नजर डब्याकडं गेली. "जेवला न्हाईस व्हय?"

"कसं जेवू मावशी? सकाळपास्नं एकटाच हाय. मान खाली घातली की पोरं घुसत्यात व्हिडिओ काढाय."

"बस हितंच, माझ्या समोर. जेव निवांत. मी उभारतो गेटवर."

त्यानं आईकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मघाशी दगडासारखा उभा होता, पण गोष्ट सगळी ऐकली होती पठ्ठ्यानं. खुर्ची बाजूला ओढून त्यानं डबा सोडला.

आई गेटात उभी राहिली. गुडघे धरून रिक्षातून उतरलेली बाई ती हीच का, असं वाटावं इतकी ताठ. दोन पोरं मोबाईल उगारून आली, तिच्याकडं एकदा बघितलं आणि आल्या पावली माघारी गेली. आख्ख्या गल्लीला हाक मारून सांगावंसं वाटलं, ही माझी आई.

पण ती आली होती आत जायला, तेही मला विसरवेना. गेटामागं बायकांच्या बाल्कनीचा जिना दिसत होता. कृष्णात मान खाली घालून भाकरी मोडत होता.

"आई, त्याचं लक्ष नाही," मी तिच्या कानात सांगितलं. "पटकन जाऊन ये."

ती हललीसुद्धा नाही.

"बरं, तू नको. मी फोटो काढून आणते तुझ्यासाठी," म्हणत मी पाऊल उचललं.

छातीशी आडवा हात आला.

"तिकीट?"

आज मैत्रिणी बघायला नव्हत्या, याचंच काय ते वाईट वाटलं.