संकासुराची जीभ

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो. आत्ताच हसू नका. दशावतारी नाटक सुरू व्हायच्या आधी एक काळा, वाह्यात राक्षस येऊन सगळ्यांची टर उडवतो ना, संकासूर? त्याचं तोंड म्हणजे मी.

माझा जन्म छत्रीतून झाला. विजयदुर्गाच्या बंदरावर वाऱ्याने आमच्या कंपनीत संकासूर करणाऱ्या भाईंची छत्री उलटी झाली, भाईंना घेऊन उडाली, किल्ल्याला एक फेरी मारली आणि त्यांना अलगद घराच्या खळ्यात उतरवून मोडली. निदान भाई तरी असं सांगतात. त्यांच्या बायकोने, सत्यवतीकाकीने, त्या छत्रीच्या काळ्या कापडातून मला शिवलं. डोळ्यांभोवती धोतराच्या पांढऱ्या चिंध्या लावल्या. जिभेला लाल कापड मिळेना, तेव्हा आपल्या लग्नातल्या चोळीचा तुकडा लावला. आता चोळी काकीची म्हटल्यावर ती जीभ कशी चालली असेल, ते तुम्हीच समजा.

तीस वर्षं मी भाईंच्या तोंडावर फिरलो. फोंडाघाटापासून रेडीपर्यंत एक जत्रा सोडली नाही. रेडीला तर माझ्या एका विनोदावर धक्क्याला लागलेलं जहाज हसून हसून कलंडायला आलं होतं! सरपंच, भटजी, पोलीस पाटील, कोणालाच मी सोडलं नाही. पण तोंड झाकलेलं असलं तरी आत कोण आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. ज्याची टर उडवली, त्याच्याच पडवीत सकाळी भाई पेज जेवायचे. तो वाढता वाढता म्हणायचा, "मेल्या, माझ्या टकलार बोललंस काय? घे, आता मिरची खा!"

मग लोकांना घाई झाली. संकासूर नको, थेट नाटक सुरू करा, म्हणू लागले. मी पेटाऱ्याच्या तळाशी गेलो. कसरीने माझा एक कान चाखून बघितला.

आमच्या कंपनीत विनीत नावाचा मुलगा स्त्रीपार्ट करतो. त्याला पहिली साडी भाईंनीच नेसवली. तो गायला लागला की नारळ पिकायच्या आधी खाली उतरून ऐकतात. एक दिवस पेटीवाला चंदन फोन घेऊन आला. दशावताराच्या रसिकांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथे कोणी 'संकासूर' नाव घेतलं होतं, आणि तोंड म्हणून माझा फोटो लावला होता! मी पेटाऱ्यात, आणि माझं तोंड गावभर फिरत होतं.

त्याने लिहिलं होतं, विनीत गात नाही, पडद्यामागून दुसराच गातो. विनीत बिचारा पडदा काढून गायला. तर म्हणे, गातो, पण नाचता येत नाही. नाचला. तर म्हणे, नाचतो, पण रडणं खोटं. खरंखुरं रडू आलं, तेव्हा लिहिलं, रडूबाई. लोकही खाली हसरी तोंडं टाकत गेले. सगळ्यांची खरी नावं होती. याचंच तेवढं नव्हतं.

फोटोत माझ्या डाव्या डोळ्याखालचं ठिगळ स्वच्छ दिसत होतं. विनीतने ते ओळखलं आणि थेट भाईंच्या घरी आला.

"भाईनू, हो मुखवटो तुमच्याच पेटाऱ्यातलो. तुमका माझां काम आवडणा नाय, तर तोंडार सांगूचां होतां."

तो फोटो चंदननेच मागच्या जत्रेला पेटारा आवरताना काढून ग्रुपवर टाकला होता. कोणीही उचलला असता. भाईंनी ताट बाजूला सारलं. समोर वाढलेली माशाची कढी गार झाली.

"जत्रेचो एक खेळ करतंय," विनीत म्हणाला. "सकाळच्या गाडयेन गोव्याक जातंय. हॉटेलात काम गावलां हा."

तो गेल्यावर काकी म्हणाली, "बसतास काय असे? पेटारो उघडा!"

जत्रेत भाईंनी अर्धा तास मागून घेतला आणि मला तोंडावर चढवलं. मित्रांनो, किती वर्षांनी! विनीत साडी नेसून कडेला उभा होता. भाईंनी त्याला हात धरून पुढे आणलं.

"कोणाचां गो तू चेडू? चलतंस तर वरवंटो घरंगळता असा वाटता! आणि रडतंस कित्याक? कांदो कापतंस?"

माणसं खो-खो हसली. आणि मग, काय सांगू, पोराने कमरेला पदर खोचला!

"माका सांगतंस मेल्या? तुझी जीभ तरी तुझी आसा? ती तुझ्या बायलेच्या चोळयेची!"

असं म्हणून त्याने माझी जीभ धरून जी ओढली, ती टर्रकन त्याच्या हातात! देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली, एवढं हसू उठलं. सगळ्यांत मोठ्याने काकी हसली.

तेव्हा भाईंनी कधी न केलेली गोष्ट केली. सगळ्यांसमोर मला तोंडावरून काढलं.

"ह्यां मी बोललंय. मी, भाई. माझां घर तळयेकडे. राग इलो तर सकाळी येवा, चाय घेवा, गाळी घाला." मग मला उंच धरलं. "आता फोनातल्या संकासुरान येवचा. हो घेवा मुखवटो. बोला, आणि मगे असोच काढा. जीभ नाय म्हणान काय झालां? तुमची घेवन येवा!"

कोणी आलं नाही. विनीतने मात्र वाकून भाईंच्या पायांना हात लावला.

पहाटे सगळे दहीकाल्याला गेले, तेव्हा रंगपटात कोणीतरी एकटं आलं. मला उचलून तोंडावर घातलं आणि आरशापुढे उभं राहिलं. मला तेव्हा जीभ नव्हती. त्यालाही नव्हती. आतून मी ओला झालो. घाम म्हणा हवं तर. मग त्याने मला काढलं, झटकलं, भाईंपेक्षा नीट घडी घातली आणि तो गेला. त्या दिवशी फोनवरून माझा फोटो उतरला.

विनीत जायच्या आधी भाईंच्या घरी निरोप घ्यायला आला, तर काकी दारातच सुई-दोरा घेऊन उभी.

"खंय चललंस? जीभ कोणी ओडल्यान? तूच शिव!"

गाडी गेली. विनीत पडवीत बसून शिवत राहिला. पुढच्या जत्रेलाही आमच्याबरोबर होता.

महिन्याभराने ग्रुपवर कोणीतरी आपल्या नावाने लिहिलं, 'विनीत, दुसऱ्या गाण्याक वरचो सूर चढता. सांभाळ.' विनीतने गाऊन बघितलं. "खरां आसा रे," म्हणाला, आणि सूर उतरवून पुन्हा गायला. लिहिणारा कोण, ते मला ठाऊक आहे. माणूस मी श्वासावरून ओळखतो. पण सांगणार नाही. त्याने मला घडी घातली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या तोंडाला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. खुशाल चढवा, टर उडवा. फक्त चारचौघांत मला काढता येईल, एवढंच बोला.

आणि हो, विनीत शिवत होता तेव्हा काकी शेजारी बसून सारखी सांगत होती, "घट्ट शिव रे झिला. पण हलाक दी हां. हलली नाय तर ती जीभ कसली?"