साठ आणि शंभर

"माणूस तुम्ही मारलात, आणि चूक मात्र त्याच्या नावावर लिहिता?"

शरदिनीनं पेन टेबलावर ठेवलं. विभागप्रमुख साहेब खिडकीकडे बघू लागले. बालाजी घाटाजवळच्या तिच्याच गल्लीतले साहेब, तिच्या हातची पुरणपोळी मागून खाल्लेले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोलादी भांडं फुटलं आणि तिचा नवरा, मेकॅनिक वेणीमाधव, जागच्या जागी गेला. तेराव्याला दोनच दिवस झाले होते.

साहेबांनी आवाज खाली आणला. "वहिनी, ही नुसती लिखा-पढी आहे. सही करा. गीताला इथंच नोकरीला लावतो."

कागद सांगत होता, हुकूम भांड्यात हवेच्या साठपट दाबाचा होता, मेकॅनिकनं आपल्या मर्जीनं तो शंभरावर नेला. मेलेल्याला गुन्हेगार करायला एक ओळ पुरते; तो उठून बोलत नाही.

शरदिनी सातवी शिकलेली. पण वेणीमाधव जेवताना कामाचंच बोलायचा आणि ती वाढता वाढता ऐकायची. एकदा त्यानं डबीतला कापूर दाखवला. हा बघ, पाणी न होताच उडून जातो, कार्बनची जात तीच. हवेच्या साध्या दाबाखाली कार्बन कितीही तापव, वितळायचं नाव नाही, सरळ वाफ. आपल्या अंगावर हवा दाबते त्याच्या शंभरपट दाबावं आणि सूर्याच्या खालोखाल तापवावं, तेव्हा कुठं त्याचा थेंब होतो, मग तो उकळतो. भांड्याचे बोल्ट झिजलेत म्हणून त्यानं तीनदा लिहून दिलं होतं, हेही तिला ठाऊक होतं. तिन्ही वेळा साहेबांचं उत्तर एकच, चालवून घे, दिल्लीचे पाहुणे येताहेत, त्यांना वितळलेला कार्बन बघायचाय.

हे सगळं तिनं न अडखळता सांगितलं. साहेब किंचित हसले. फिजिक्स तुमचा विषय नाही, म्हणाले.

दाराशी उभी असलेली गीता कळवळून पुटपुटली, "आई, रहने दे ना. नोकरी जाईल हातची."

शरदिनीनं मान वळवली नाही. खुर्ची पुढं ओढून ती साहेबांच्या समोर नीट बसली.

"नाहीच माझा विषय. म्हणून तर विचारते. साठावर थेंब होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? आणि होतं, तर थेंब दाखव असं आमच्या ह्यांना कुणी सांगितलं? बोला साहेब. मी बसलेय."