रोज पाव इंच

मिस्त्रीच्या बायकोची पाठ मधोमध दुखायची. मान नाही, कंबर नाही. दोन्हींच्या बरोबर मध्ये, खांद्याच्या दोन पात्यांच्या आत, जिथे स्वतःचा हात पोचत नाही आणि दुसऱ्याला नेमकी जागा सांगता येत नाही. "वर. आता खाली. डावीकडे. अरे, इतकं नाही, जरा उजवीकडे," असं ती सांगायची आणि मिस्त्री अंगठ्यानं दाबत राहायचा. लाकडातली गाठ त्याला डोळे मिटून सापडायची. ही गाठ सहा वर्षांत सापडली नव्हती.

बायको घड्याळजी होती. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी, तिचं कामाचं टेबल. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर उघडलेलं घड्याळ, ज्यातला सगळ्यात मोठा स्क्रू मोहरीएवढा. सकाळी बसली की दुपारपर्यंत ती अशी वाकलेली असायची, की दारातून बघणाऱ्याला वाटावं, बाई टेबलाच्या कानात काहीतरी सांगतायत. टेबल मिस्त्रीनं स्वतः केलं होतं, लग्नानंतरची पहिली भेट म्हणून. त्याचे कोपरे गोल होते, कप्पे बोटानं सरकत होते आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी टेबलाचं कौतुक करायचं, मग घड्याळ दाखवायचं.

आता बायकोनं काम सोडायचं ठरवत आणलं होतं. बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानातून तिला बोलावणं आलं होतं. तिथे दुरुस्ती नव्हती. काचेच्या कपाटामागे उभं राहून "हे तुमच्या मनगटाला शोभतं" एवढंच म्हणायचं होतं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

"तुला आवडेल ते?" मिस्त्रीनं विचारलं.

"बंद पडलेलं घड्याळ चालू झालं की कसं वाटतं, माहितीये तुला?"

"नाही."

"मग सोड. पाठ तरी वाचेल."

शेवटचा उपाय म्हणून दोघं फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. बाई वयानं लहान आणि आवाजानं मोठ्या होत्या. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक पाठकणा टांगलेला होता. मिस्त्रीला तो पहिल्यापासून आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं, डोकं नसूनही.

"पडला होतात का? ताप? वजन उतरलंय? पायांना मुंग्या, बधिरपणा? छातीत दुखतं? श्वास घेताना कळ येते? रात्री झोपेतून उठवतं?" बाईंनी एका दमात विचारलं. सगळ्याला नाही. "छान. ह्यातलं एक जरी असतं तरी तुम्हाला आधी डॉक्टरांकडे पिटाळलं असतं. आता बघा, पाठीचा हा भाग बरगड्यांना बांधलेला असतो. तो कंबरेसारखा लवचीक नाही आणि सहसा कुरकुरतही नाही. तो बोलायला लागला म्हणजे त्याला कुणीतरी वर्षानुवर्षं छळलंय."

पाठकण्यानं मिस्त्रीकडे पाहिलं.

"कामाला कशा बसता, दाखवा."

बायको बसली आणि वाकली. बाईंनी "अरेरे" म्हटलं. "ताई, काम डोळ्यांपर्यंत यायला हवं. तुम्ही डोळे कामापर्यंत नेताय. माझ्याकडे एक म्हातारे घड्याळजी गुडघ्यासाठी यायचे. त्यांचं टेबल छातीला लागायचं. गुडघे गेले होते, पण पाठ एकदम खणखणीत. तुमचं टेबल उंच आहे ना?"



"टेबल खूप छान आहे," बायको म्हणाली. "ह्यानं केलंय."

बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. आता बोलायची वेळ होती. मिस्त्रीनं तोंड उघडलं.

"सागवानी आहे," तो म्हणाला.

कारण त्या क्षणी त्याला सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी आठवली होती. बायकोनं तिच्या बारीक अक्षरात मापं लिहून दिली होती: लांबी, रुंदी आणि उंची एकोणचाळीस इंच. आकडा स्वच्छ होता. मिस्त्रीनं तो स्वच्छ वाचला होता. आणि वाचून हसला होता. त्यानं शेकड्यांनी टेबलं केली होती. टेबल म्हणजे एकोणतीस, फार तर तीस. एकोणचाळीस म्हणजे उभ्यानं भाषण ठोकायची सोय. गिऱ्हाइकं मापं चुकतात आणि शहाण्या कारागिरानं ती न बोलता सुधारायची, ही मिस्त्रीची धंद्यातली सभ्यता होती. त्याच सभ्यतेनं त्यानं बायकोचे दहा इंच कापले होते.

बाईंनी व्यायाम शिकवले. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी ठेवून निजायचं. भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवायचे. खांद्याची पाती मागे नेऊन एकमेकींना भेटवायची. दर अर्ध्या तासाला उठायचं. दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, पण अंथरूण धरायचं नाही. रोज सकाळी अर्धा तास चालायचं. "आणि सगळं हळूहळू वाढवा," त्या म्हणाल्या. "शरीराला एकदम धक्का द्यायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मिस्त्रीनं घट्ट धरलं. घरी जाऊन "उंची मी कापली" असं सांगणं हा शरीराला धक्काच झाला असता. शरीर त्याचं असलं म्हणून काय झालं.

दुसऱ्या दिवशी बायको चालायला गेली आणि मिस्त्रीनं टेबलाच्या चारी पायांना लाकडाचे चार बूट घातले. पाव इंचाचे, त्याच रंगाचे, त्याच पॉलिशचे. तिसऱ्या दिवशी अर्ध्या इंचाचे, चौथ्या दिवशी पाऊण. दहा इंचांना चाळीस दिवस लागणार होते आणि महिना तीसच दिवसांचा होता, पण अपराधी माणसाला हिशेब सुचतो, कॅलेंडर सुचत नाही.

कॅलेंडर सुचलं ते वेगळ्याच कारणानं. ते टेबलाच्या वरच लटकायचं, आणि टेबल चढलं तर दोघांमधलं अंतर कमी झालेलं दिसलं असतं. म्हणून तेही रोज पाव इंच वर. खिडकीच्या कट्ट्याशी तुलना होऊ नये म्हणून लांब पडदा. शेजारच्या भिंतीवरची, हात वर केला की पोचणारी फळी तर टेबलाच्या अगदी बाजूला. तिला त्यानं मागून खाचांची सरकती पट्टी बसवली, म्हणजे रोज एक खाच वर. एवढी नाजूक कारागिरी त्यानं पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीही कधी केली नव्हती. दिव्याचं बटण तेवढं हलवता आलं नाही. त्याच्याकडे तो बघायचं टाळायचा.

पंधरवड्यात बायकोची पाठ सुधारली. "भिंतीचा व्यायाम काय गुणाचा आहे!" ती म्हणायची. मिस्त्री "हो ना" म्हणायचा आणि त्याला जेवण जायचं नाही.

पण त्या फळीवर सासूबाईंचा औषधाचा डबा असायचा.

सासूबाई लेकीकडेच राहायच्या. पहिल्या आठवड्यात त्या टाचा उंचावून डबा काढू लागल्या. दुसऱ्या आठवड्यात छत्रीच्या मुठीनं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जावयाला बाजूला घेतलं.

"जावईबापू, कुणाला सांगू नका. मी आटतेय."

"काय होतंय?"

"आटतेय. बुटकी होतेय. फळी बघा कुठे गेली."

"फळी आहे तिथेच आहे, आई," मिस्त्री म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडाला लाकडाच्या भुशाची चव आली.

"तेच तर. ती तिथेच आहे. तुमच्याकडे टेप आहे ना? मोजा मला."

मिस्त्रीनं सासूबाईंना दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं. पाच फूट एक इंच.

"आणि आधी किती होते?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना आयुष्यात कधी कुणी मोजलं नव्हतं. "म्हणजे सहज पाच-सात असणार," त्या म्हणाल्या आणि खिन्नपणे पाटावर बसल्या; खुर्ची आता मोठी पडेल म्हणून. डॉक्टरांनी हाडांच्या गोळ्या दिल्या, त्याही त्याच फळीवर गेल्या. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी निळी शाल शेजारणीला दिली, चांगल्या चपला भाचीला दिल्या आणि पितळी अडकित्ता मिस्त्रीच्या हातात ठेवून म्हणाल्या, "तुमचा फार आधार आहे हो मला." मिस्त्रीला तो अडकित्ता आपल्या मानेला लावावासा वाटला.

चोविसाव्या दिवशी सकाळी बायको चालायला गेली नाही. फोन घेऊन टेबलाशी बसली होती. टेबल साडेचौतीस इंचांवर पोचलं होतं.

"दुकानात हो म्हणून कळवतेय," ती म्हणाली.

"पण पाठ तर बरी आहे तुझी!"

"पाठ बरी आहे, आई बरी नाही. तिला कायकाय तपासण्या लागतील. तिथे ठरावीक वेळ आहे, ठरावीक सुट्टी आहे. इथे मी घड्याळं घेऊन बसले तर..."

"आई आटत नाहीयेत," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे?"

"फळी चढतेय."

मग त्यानं पट्टी दाखवली, खाचा दाखवल्या, कॅलेंडरच्या खिळ्याची जुनी भोकं दाखवली. आतल्या दाराशी सासूबाई उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मी आहे तेवढीच आहे?"

"हो, आई."

"माझी निळी शाल गेली ना रे, मेल्या!" त्या कडाडल्या आणि चपला पायात सरकवून तडक शेजारणीकडे निघाल्या. सरळ ताठ मानेनं. त्या क्षणी त्या पाच फूट तीन दिसत होत्या.

बायको हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि मिस्त्रीचा हात धरला.

"वेडा आहेस. टेबलाचं मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, फळीकडे मात्र लक्षच गेलं नाही. अरे, मी केसाएवढा फरक बघून जगते, पाव इंच कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"कारण तू बोलला नाहीस. मला इतकं बरं वाटलं. चूक माझी होती ना. मी चिठ्ठीत एकोणचाळीसच्या जागी एकोणतीस लिहिलं असणार. टेबल आलं त्याच दिवशी मोजलं मी. पण तू इतका खूश होतास. म्हटलं, आपल्या हलगर्जीपणासाठी ह्याची मेहनत कशी मोडायची? आणि आता तुला कळलं, तर मला ओशाळं वाटू नये म्हणून तू गुपचूप..." तिनं त्याचा हात दाबला. "असा नवरा मिळायला नशीब लागतं."

सुटायला दार सताड उघडं होतं. मिस्त्रीनं फक्त गप्प राहायचं होतं. टेबल उंच होत होतं, पाठ बरी होत होती, सासूबाईंची उंची परत आली होती आणि वर नशिबाचा मानही मिळत होता. गप्प राहणं त्याला चांगलं जमायचं. गेली सहा वर्षं त्यातच गेली होती.

"म्हणजे आता नोकरी नको ना?" त्यानं हळूच विचारलं.

बायकोनं हात सोडला. "नको कशी? आईचं निमित्त होतं रे. खरं सांगू? जिला स्वतःच्या टेबलाचं माप धड लिहिता येत नाही, तिनं लोकांच्या घड्याळात हात घालू नये, असं मला सहा वर्षं वाटतंय. प्रत्येक घड्याळ बंद करताना तीन-तीनदा उघडून बघते. अजून काहीतरी चुकलं असेल म्हणून. थकले मी." आणि तिनं फोन उचलला.

"तू एकोणचाळीसच लिहिलं होतंस," मिस्त्री म्हणाला.

ती थांबली.

"स्वच्छ लिहिलं होतंस. मी वाचलं. मला वाटलं, हिला काय कळतंय टेबलातलं. म्हणून एकोणतीस केलं."

भिंतीवर दुरुस्तीला आलेली नऊ घड्याळं होती आणि नवांचाही आवाज येत होता.

"चुकून नाही?"

"नाही."

"विचारावंसंही वाटलं नाही?"

"गिऱ्हाइकांना विचारत नाही मी. सुधारून देतो."

"सहा वर्षं मी ही पाठ सोसतेय," ती अगदी शांतपणे म्हणाली. "तू पाठ दाबून द्यायचास तेव्हा मला वाईट वाटायचं, माझ्या चुकीचा ह्याला ताप म्हणून. मी तुला सॉरी म्हणायचे, मिस्त्री."

"हो. आठवतंय."

"आणि तू काय म्हणायचास?"

"'चालतं गं,'" मिस्त्री म्हणाला, आणि ह्याहून वाईट दोन शब्द त्याच्या तोंडून आजवर निघाले नव्हते.

तिनं फोन लावला. दुकानदाराला तिनं दोन वाक्यांत सांगितलं की ती येणार नाही, तिच्याकडे तिचं काम आहे. मग तिनं डोळ्याला भिंग चढवलं आणि समोरचं घड्याळ उघडलं. दुरुस्त केलं. बंद केलं. पुन्हा उघडलं नाही.

मिस्त्री तिथेच उभा होता. जा म्हटलं नव्हतं, थांब म्हटलं नव्हतं. जरा वेळानं ती मान वर न करता म्हणाली, "हे बूट काढ. मला नवीन टेबल हवंय. एकोणचाळीस."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली, आकडा लिहिला आणि दाराकडे वळला. मग परत आला.

"एकोणचाळीसच का?" त्यानं विचारलं.

बायकोनं भिंग उतरवलं. त्याला खुर्चीवर बसवलं, दोन्ही कोपरं धरून हवेत छातीशी आणली आणि सांगितलं: कोपरांना इथे आधार मिळतो, म्हणून हात कापत नाही, घड्याळ इथे येतं, म्हणून मान झुकत नाही, मान झुकली नाही की पाठ गोल होत नाही. घरंगळलेला स्क्रू छातीशीच अडकतो, तो वेगळाच फायदा. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. इतकं सोपं होतं ते. मिस्त्री कोपरं वर करून तसाच बसून राहिला.