कापसातले उंदीर

तीन आठवडे मी मशीनला, केमिकल्सना आणि यतीनला शिव्या घालत होते. पिस्कॅटवेच्या आमच्या लॅबमध्ये बारा उंदीर चार डिग्रीच्या थंड खोलीत ठेवले होते. थंडी वाजली की उंदरांच्या पाठीतल्या तपकिरी चरबीच्या पेशी थायरॉइडचं झोपलेलं हार्मोन आपणच जागं करतात आणि अंगात ऊब तयार होते. आठ उंदीर तपासून झाले, तरी आमचं हार्मोन झोपलेलंच!

"सॅम्पल तूच खराब करतोयस," मी यतीनला सुनावलं.

"हिमानी, मी लॅबमध्ये फक्त टेस्ट करतो, यार. उंदीर तुझे आहेत. पहिल्या दिवसानंतर त्या खोलीत पाय तरी ठेवलायस का?"

मी तणतणत गेले. उरलेले चार उंदीर दिसलेच नाहीत. प्रत्येक पिंजऱ्यात कापसाचा हा मोठा गोळा होता. एक गोळा उचकटला, तर आत उंदीर गाढ झोपलेला, हाताला चांगला गरम.

"कुणी दिला हा कापूस?" मी ओरडले. "नाही द्यायचा, हे ठरलं होतं ना?"

जो पिंजऱ्यात काही ठेवतो, तो बाहेरच्या कार्डावर लिहून सही करतो. मी कार्ड ओढून काढलं. 'जादा कापूस', तारीख पहिल्या दिवसाची आणि सही माझी.

त्या दिवशी मी जॅकेट गाडीतच विसरले होते. थंडी मला वाजत होती.