हो की नाही

विहिरीच्या पाण्यातून होणाऱ्या, पायातून निघणाऱ्या नारूच्या किड्याची पाहणी करायला कारकून शरच्चंद्र डॉक्टरांबरोबर जतकडं आला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हो की नाही, एवढंच लिही. रडगाणी नकोत."

रांगेतल्या मनुबाईचा एकुलता लेक ब्रह्मदेशच्या लढाईत मारला गेला होता.

"पाण्यासाठी विहिरीत उतरता का?" शरच्चंद्रनं तिला विचारलं.

"उतरते की. पर वर यावंसंच वाटत न्हाई बगा, सायब."

त्याचा टाक थबकला. पण मागं रांग खोळंबली होती. त्यानं 'हो' लिहिलं.

पाचव्या दिवशी मनुबाईचं प्रेत विहिरीतून काढलं. शरच्चंद्र तिचा कागद घेऊन डॉक्टरांकडं धावला.

"साहेब, ती मला म्हणाली होती..."

"नारू होता का तिला? हो की नाही?"

शरच्चंद्रनं हातातला कागद पाहिला. "नाही."